दुखणं अंगावर काढणारी

ती घरात सगळ्यात खाली राहते. टेबलामागे, पलंगाच्या पायाशी, भिंतीच्या कडेकडेने. केरसुणीचे तडाखे ती खाते, फरशी पुसताना ओल्या फडक्याचं पाणी तिच्याच अंगावर येतं. खुर्चीचं चाक तिच्यावरून गेलं की कोणीतरी "अगं, वायर!" म्हणतं आणि पायाने तिला आणखी आत सरकवतं. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत जाणारी लॅनची वायर. घरात नेट आलं की नाव वाय-फायचं होतं, पाहुणेही पासवर्ड त्याचाच विचारतात. हिची विचारपूस कोणी करत नाही आणि तीही कधी काही मागत नाही.

आमच्या मोहन्यात या वायरीला फार मोल आहे, असं मी मानतो. एनआरसी ही इथली रेयॉनची गिरणी २००९ साली बंद पडली. भोंग्यावर चालणारं गाव तेव्हापासून लोकलच्या वेळेवर चालू लागलं. अंबिवली स्टेशन गाठायचं, कसाऱ्याकडून भरून आलेल्या गाडीत शिरायचं, ठाण्याला नाहीतर मुंबईला जायचं. ज्यांना आठवड्यातले थोडे दिवस तरी घरून काम करायची मुभा मिळाली, त्यांचं ऑफिस या वायरीच्या टोकाशी आहे. पोरांच्या ऑनलाइन परीक्षा तिच्यावर, परदेशी गेलेल्या लेकीचा रविवारचा व्हिडिओ कॉल तिच्यावर. इमारतीत प्रत्येक दाराआड एक राउटर बोलत असतो आणि त्या गलक्यात वाय-फाय गोंधळतं. ही गोंधळत नाही.

वरची साल सोलली की आत आठ तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्या. केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. जोडीतली एक तार पूर्ण रंगाची, दुसरी पांढऱ्यावर त्याच रंगाचा पट्टा असलेली, आणि दोघी एकमेकींना पीळ घालून असतात. मोहन्याला पीळ नवा नाही. एनआरसीत रेयॉनचा धागा निघायचा. ज्यांची हयात त्या खात्यांत गेली त्यांना धाग्याचा पीळ चिमटीत कळतो. धाग्याला पीळ देतात तो तंतू घट्ट राहावेत म्हणून. हिच्या पिळाचं काम वेगळं. शेजारून विजेची वायर गेली, तर तिची खरखर पिळामुळे दोन्ही तारांवर सारखीच पडते. संदेश मात्र दोन तारांवर उलटसुलट पाठवलेला असतो. पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक तेवढा वाचतात. जे सारखं आहे ते वजा होतं, संदेश उरतो. टेलिफोनच्या तारांसाठी या युक्तीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली मिळवलं. चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवतात, म्हणजे त्या एकमेकींच्या बोलण्यातही पडत नाहीत. इतक्या विचाराने घडवलेली वस्तू आपण पलंगाखाली ढकलून देतो.

तिचा स्वभाव सांगायचा तर एवढंच, की ती दुखणं अंगावर काढते. दिव्याची वायर तुटली की अंधार होतो, नळ बिघडला की टपटप ऐकू येते. हिची तक्रार अशी बाहेर येत नाही. सेकंदाला १०० मेगाबिटचा वेग द्यायला तिला दोनच जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. १००० द्यायचा तर चारही हव्यात. केशरी किंवा हिरवी तुटली तर नेट बंदच पडतं आणि निदान कळतं तरी. पण निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार आत तुटली, की बहुतेक कॉम्प्युटर आणि राउटर गुपचूप शंभरावर उतरतात. पोर्टवरचा दिवा लुकलुकत राहतो. मेल येते, गाणं वाजतं, सिनेमाही दिसतो. तिची कुवत दहा हिश्श्यांवरून एकावर आलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. शंभरचं मानक १९९५ सालचं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. जखमी झालेली वायर घराला त्या वर्षात नेऊन ठेवते आणि काम चालू ठेवते.

शेजारच्या घरातली गोष्ट. मुलगी हिशेबाचं काम घरून करते, प्लॅन तीनशे मेगाबिटचा. मोठ्या फायली चढायला वेळ लागतो म्हणून आधी नेटवाल्याला बोलावलं, राउटर बदलला. मग कॉम्प्युटर फॉरमॅट केला. मग प्लॅन वाढवायची बोलणी सुरू झाली. वायरीचं नाव निघालं तेव्हा तिची आई म्हणाली, "ती चालू आहे की, लाईट लागतोय ना." स्पीड टेस्ट लावली तर काटा चौऱ्याण्णववर जाऊन थांबला. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. हा आकडा ओळखून ठेवावा असा आहे. डेटाबरोबर पत्त्यांची वगैरे जी माहिती जाते ती वगळली, तर शंभरच्या वाटेवरून हाती साधारण एवढंच येतं. नेट खरोखर कमी येत असेल तर काटा वरखाली होतो, संध्याकाळी एक, पहाटे दुसरा. तीनशेच्या प्लॅनला अष्टौप्रहर चौऱ्याण्णव दिसत असेल तर अडथळा बहुधा घरातच आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि मग इथरनेट उघडलं. लिंक स्पीडपुढे लिहिलं होतं, १००/१००.

टेस्टर लावला. ही दोन छोट्या डब्यांची जोडी असते, वायरीच्या एकेका टोकाला एकेक. त्यावरचे आठ दिवे ओळीने लागत जातात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि एकदम आठ. सातवा लागला नाही. सातवी म्हणजे पांढरी-तपकिरी. वायर हाताने चाचपत गेलो तर खिडकीपाशी सापडली. नेटवाल्याने ती सरकत्या खिडकीच्या खाचेतून आत घेतली होती आणि खिडकी लावली की चौकट तिच्यावर बसायची. साल शाबूत होती, नुसती चपटी झालेली. तिथून कापून दोन्हीकडचं जोडून भागणार नव्हतं; जोड दिला की पीळ सुटतो. नवी टाकली. लिंक स्पीडपुढे हजार उमटले आणि स्पीड टेस्टने तीनशे दाखवले. त्या आईने जुनी वायर हातात धरून बराच वेळ पाहिली. "एवढी होती तरी चालत होती," म्हणाली.

तिची दुसरी दुखरी जागा म्हणजे जॅक. त्याच्यावर प्लॅस्टिकची एक बारीक जीभ असते, पोर्टमध्ये गेली की टक् करून बसते. ती एकदा मोडली की जॅक नुसता टेकून राहतो. टेबल हललं, पंख्याचा वारा लागला की सैल होतो. मग वेग कधी हजार, कधी शंभर, मध्येच काही सेकंद काहीच नाही. वेगापेक्षा हे वाईट, कारण बोलणं तुटतं आणि समोरच्याला वाटतं माणूस गप्प बसला. उल्हास नदीकाठची आमची हवा पावसाळ्यात चार महिने ओली असते. स्वस्त जॅकच्या पिनांवरचा सोन्याचा मुलामा नावाला असतो आणि त्या काळवंडतात. जॅक बदलणं क्रिम्पिंग टूल असलेल्या माणसाचं पाच मिनिटांचं काम आहे.

काही वायरी मात्र जन्मापासून अर्ध्या असतात. फायबर घरापर्यंत येण्याआधी केबलवाले गच्चीवर नेट वाटून देणारा स्विच ठेवून इमारतीतून इमारतीत लॅनचीच वायर ओढायचे. तिची मजल १०० मीटरची. लोक त्याहून लांब नेत आणि वीज कडाडली की गच्चीवरच्या स्विचबरोबर घरातल्या कॉम्प्युटरचं पोर्टही जळायचं. त्याच काळात एका वायरीतून दोन घरं चालवायची पद्धत होती, दोन जोड्या याला, दोन त्याला. तेव्हाच्या वेगाला ते पुरायचं. त्यातल्या काही वायरी अजून भिंतीतल्या पाइपात आहेत. हॉलमध्ये नवा फायबरचा डबा येतो, आतल्या खोलीकडे मात्र तीच जुनी, चारच तारा जोडलेली वायर जाते. तिच्याकडून हजारची अपेक्षा करणं हा अन्याय आहे.

तिला दोष द्यायच्या आधी आजूबाजूचेही पाहावेत, हे खरं. बऱ्याच स्वस्त राउटरची पोर्टं शंभराचीच असतात, जुन्या कॉम्प्युटरचं कार्डही. कधी कोणीतरी कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग शंभरावर बांधून ठेवलेला असतो. तो ऑटोवर असावा. तिथे नवी वायर टाकूनही काही होणार नाही.

आणि बाजारात तिच्या नावावर भलतंच विकलं जातं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, वजनाला हलकी लागते, दोनचार वेळा वाकवली की आतून तुटते. ब्लेडने तार खरवडून पाहा. आत पांढरं दिसलं तर ती घेऊ नका, दुकानदार कितीही भाव पाडून देवो.

नेट मंद वाटलं तर नेटवाल्याला फोन लावण्याआधी, मोठ्या प्लॅनचे पैसे भरण्याआधी खाली वाका आणि एकदा तिच्याकडे बघा. कुठे चेपली आहे का, जॅकची जीभ आहे का, लिंक स्पीड काय दाखवतो. शेजाऱ्याची चांगली वायर पाच मिनिटं मागून लावा. आकडा हजारावर गेला तर जुनीला रजा द्या, आणि नवी घेताना अख्ख्या तांब्याचीच मागा.