यंत्रातील पासंग

सांगलीच्या किराणा दुकानात नातवाने स्वतः लिहिलेला बिलाचा पहिलाच प्रोग्रॅम सुरू झाला. सायंकाळी एक गिऱ्हाईक बाई परत आल्या. त्यांनी साबणाच्या दोन वड्या आणि चहाचा पुडा नेला होता. बिलात वड्या तीन, चहा नाहीच.

नातवाने शोध घेतला. बारकोड वाचणारे यंत्र संगणकाच्या लेखी कीबोर्डच असते. ते अंक टंकते आणि शेवटी बहुधा ‘एंटर’ देते. माउसने ‘नग वाढवा’ बटण दाबल्यावर कर्सर चौकटीत परतलाच नव्हता. चहाचे 13 अंक वाया गेले, ‘एंटर’ने तेच बटण पुन्हा दाबले.

“चूक यंत्राची आहे, आजोबा.”

“काट्यात पासंग असला तर दोष काट्याला लागत नाही, बाळा, दुकानदाराला लागतो. खोटे माप हा अचौर्यव्रताचा अतिचारच.”

रात्री दुरुस्ती झाली: प्रत्येक कृतीनंतर कर्सर बारकोडच्या चौकटीत यावा आणि तेरावा अंक आधीच्या बारांशी हिशेबाने जुळला, तरच वस्तू नोंदली जावी.

दुसऱ्या दिवशी जिनमंदिरातून परतल्यावर आजोबांनी आदल्या दिवशीच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले: बिल घेऊन या, ताडून पाहू. बिले ताडायला नातूच बसला.