दोन सेंटीमीटर पुणे

9 जानेवारी 2024, बबीना (झाशीजवळ)
सकाळपासून रेंजवर रणगाड्यांचा सराव चालू आहे, खिडक्यांच्या काचा थरथरतात. धाकटी बहीण सॅन फ्रान्सिस्कोहून येतेय, पाच वर्षांनी. यंदाची संक्रांत आमच्याकडे.

संध्याकाळी लेकाने पृथ्वीगोल काढला. "मावशी कुठून येणार?" मी दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरला. वाटलं होतं, तो समुद्रावरून आडवा जाईल. तो सरळ उत्तरेला चढला, सायबेरियावरून अलास्काकडे. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच. शिवणाच्या टेपने मोजलं : गोलाचा घेर 95 सेंमी, दोरा साडेएकोणतीस. पृथ्वीचा घेर 40,000 किमी, म्हणजे हे अंतर सुमारे 12,400 किमी. पुणे ते बबीना भरलं जेमतेम दोन सेंमी! आणि तेवढ्याला झेलम एक्सप्रेसने झाशीपर्यंत यायला आमचा जवळजवळ अख्खा दिवस जातो.

11 जानेवारी
धाकटीचा फोन : "ताई, विमानात बसले." तिकडे सकाळचे दहा, इथे रात्रीचे साडेअकरा. सोळा तासांचा प्रवास.

लेकाला सांगितलं, जवळची वाट नेहमीच लवकरची नसते. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून विमान नेलं. वाट सुमारे 1,400 किमीने वाढून 15,300 झाली, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो पाठीशी मिळाला.

12 जानेवारी
दुपारी साडेतीनला दिल्लीत उतरली. तिळाचे लाडू वळताना वरसईचे विष्णुभट गोडसे आठवले. 1857 साली कोकणातून निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. घरच्यांना ना फोन, ना खबर. मी मात्र तिचं विमान कुठे आहे ते मिनिटामिनिटाला बघत होते.

13 जानेवारी
दिल्लीहून सकाळी सहाची गाडी. दाट धुकं, तीन तास उशीर. झाशीहून हायवेने बबीनाला यायला पावणेतीन वाजले. दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. तिचे पाय सुजून टम्म झाले होते.

रात्री हिशोब मांडला. तिच्या घरापासून आमच्या उंबरठ्यापर्यंत पावणेत्रेचाळीस तास. त्यातले विमानाचे सोळा. दिल्ली ते बबीना गोलावर एक सेंमीसुद्धा नाही, पण विमान टेकल्यापासून दारात यायला सव्वातेवीस तास लागले.

परदेशातून आपलं माणूस बोलावताना विमानाचं तिकीट नंतर काढा. आधी शेवटच्या टप्प्याची गाडी, धुक्याचे दिवस आणि रात्रीचा मुक्काम बघा. माणूस दमतं ते तिथेच.