बाकी ३५

गेममधली माझी नाणी एका आकड्यावर येऊन अडकली होती: २,१४,७४,८३,६४७. कितीही खेळा, एक नाणं वाढेना. शेजारी बाबा रेडिओ लावून बसलेले. काचबिंदूने नजर जाऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, पण काही वाचून दाखवू का विचारलं की "नको" म्हणायचे. त्या दिवशी मी न विचारताच आकडा वाचला.

"परत वाच." मग थोड्या वेळाने, "अंकांची बेरीज ४६. तीनने जात नाही. पुढे?"

पुढचं मला माहीत होतं, पगारच त्याचा मिळतो. हा म्हणजे २चा ३१वा घात वजा १. ३२ बिटांतला एक अधिक-उणे दाखवायला ठेवला आणि उरलेल्या ३१ जागी १ भरले, की हीच संख्या. बऱ्याच प्रोग्रॅमांची मोजणी इथे संपते. २०१४मध्ये यूट्यूबवर 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज याच भिंतीपाशी पोचले होते. जुन्या पद्धतीने सेकंद मोजणारी यंत्रं १९ जानेवारी २०३८ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, इथेच अडणार आहेत.

"ते असू दे. मूळ संख्या आहे का?"

आहे. हे ऑयलरने दाखवलं. बर्नोलीला लिहिलेलं त्याचं पत्र १७७२मध्ये छापून आलं. वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास, म्हणजे तिथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. पण ऑयलरने चाळणीच बारीक केली. हिला भागणारी कुठलीही मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च उरणार. राहिले जास्तीत जास्त ३७२ भागाकार. एवढं करून एकही लागला नाही. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती.

ऑयलरला तेव्हा जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, हे सांगू की नको असं मला झालं. एक डोळा तरुणपणीच गेलेला, दुसरा मोतीबिंदूने. सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून तो सांगायचा आणि इतर लिहून घ्यायचे. शेवटी सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत.

मग म्हणाले, "पहिली कुठली? २४९ नको, तीनने जाते."

"३११."

ओठ हलत राहिले. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"भागाकार ६९,०५,०९२. बाकी ३५."

मी कॅल्क्युलेटरवर पाहिलं. बरोबर होतं.

"पुढची ४९७," मी म्हणाले.

"सात गुणिले एकाहत्तर. मूळ नाही, सोड. अशा गाळत जा, मूळ असेल तीच सांग." बरीच गाळागाळ करून मी १३०३वर पोचले.

"थांब," बाबा म्हणाले, "आधी तो रेडिओ बंद कर."