वाढत्या अंगाचं जॅकेट

बालदोस्तांनो, जून महिन्यात आई तुम्हाला गणवेश घ्यायला दुकानात नेते, तेव्हा ती दुकानदाराला काय सांगते? आठवतंय का? "जरा वाढत्या अंगाचा द्या हो!" मग तो सदरा जूनमध्ये ढगळ असतो, दिवाळीला बरा दिसतो आणि मार्चमध्ये अगदी मापाचा होतो. मी प्राथमिक शाळेत शिकवते. दर जूनला माझ्या वर्गात असे ढगळ सदरे ओळीनं बसलेले असतात. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. मीही अशाच सदऱ्यांत लहानाची मोठी झाले.

पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणला मी एक अशी वस्तू पाहिली, की जी वाढत्या अंगाची मुळीच घ्यायची नसते. आणि गंमत म्हणजे, ती तशी घेऊ या असा हट्ट मीच धरला होता!

झालं असं. माझा भाचा आठवीत आहे. त्याला पाण्याचं भारी वेड. गेल्या मे महिन्यात त्यानं स्कूबाचं पहिलं शिक्षण पुरं केलं. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून, तोंडातल्या नळीनं श्वास घेत पाण्याखाली फिरणं. 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना हे शिकता येतं. अर्थात पोहता यायला हवं आणि समुद्रात शिकलेलं मोठं माणूस बरोबर हवंच. आता साहेबांना स्वतःचं जॅकेट हवं होतं! दोन वर्षांची ओवाळणी आणि आजोबांनी दिलेलं बक्षीस असे मिळून आठ हजार रुपये त्यानं जमवले होते.

कोल्हापूरहून आम्ही एस.टी.नं निघालो. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाटाची वळणं. घाट उतरला की हवा एकदम दमट होते आणि खिडकीतून नारळी-पोफळी दिसू लागतात. कणकवली, कसाल करत दुपारी मालवण गाठलं. माझा मावसभाऊ तिथंच राहतो. त्याचे वडील मासेमारी करायचे. तो आता पर्यटकांना पाण्याखाली नेतो. मी त्याला दादा म्हणते आणि भाचा मामा म्हणतो.

मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोरच सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं आणि 1667 साली ते पुरं झालं. चारी बाजूंना खारं पाणी, आणि किल्ल्यात मात्र दूध विहीर, दही विहीर, साखर विहीर अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! किल्ल्याभोवती पाण्यात बुडालेले खडक आहेत. पूर्वी शत्रूची गलबतं त्यांना भीत. आज त्याच खडकांवर पोवळी आणि रंगीत मासे पाहायला माणसं येतात. हा सारा भाग 1987 सालापासून सागरी अभयारण्य आहे.

दादाच्या ओळखीचा एक जण आपलं जुनं जॅकेट विकणार होता. आम्ही पाहायला गेलो. काळं, निळ्या कडांचं, दिसायला अगदी झकास! नवं चांगलं जॅकेट तीस-चाळीस हजारांना सहज पडतं. हे आठ हजारांत मिळत होतं. भाच्यानं अंगात घातलं, तर खांदे खाली उतरले आणि कमरेचा पट्टा पार मांडीपर्यंत आला. मी म्हटलं, "असू दे रे, वाढतं अंग आहे तुझं. पट्टे आवळले की झालं. चार वर्षं तरी बघायला नको!" भाच्याचे डोळे तर चमकतच होते.

दादा मात्र हसला नाही. म्हणाला, "बाय, ह्यो कपडो न्हय. पयला पाण्यात घालून बघूया, मगे पैसे देवा."

मुलांनो, हे जॅकेट असतं तरी काय? नाव जॅकेट असलं तरी ते थंडीसाठी नाही. ती एक हवेची पिशवी असते. तिच्या पाठीला सिलिंडर बांधायचा रुंद पट्टा असतो. डाव्या खांद्यावरून एक वळ्यावळ्यांची नळी खाली येते आणि तिच्या टोकाला दोन बटणं असतात. एक दाबलं की सिलिंडरमधली हवा जॅकेटात शिरते. दुसरं दाबलं की ती बाहेर पडते. शिवाय उजव्या खांद्यावर आणि मागं कमरेपाशी हवा सोडायच्या झडपा असतात. त्या दोरी ओढून उघडायच्या. पाणबुडे याला बीसीडी म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, ही भानगड हवी कशाला? विहिरीत कळशी सोडलेली पाहिली आहे ना? रिकामी कळशी तरंगते, भरली की बुडते. पण माशाला तरंगायचंही नसतं आणि बुडायचंही नसतं. त्याला मधल्या मध्ये थांबायचं असतं. त्यासाठी बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. मालवणच्या बाजारात मिळणाऱ्या मोरीला, म्हणजे शार्कला, मात्र वाताशय नसतो. तिचं मोठं तेलकट यकृत तिला हलकं ठेवायला मदत करतं. माणसाकडे यातलं काहीच नाही. म्हणून त्यानं वाताशय अंगावर चढवला!

तोही एका दिवसात सुचला नाही, बरं का. फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी 1943 साली पाण्याखाली श्वास घ्यायचं नवं यंत्र तयार केलं, तेव्हा असं जॅकेट नव्हतंच. 1961 साली फेंझी नावाच्या फ्रेंच माणसानं गळ्यात घालायची हवेची पिशवी केली, घोड्याच्या गळपट्ट्यासारखी. हात घालून चढवायचं जॅकेट आलं ते 1971 साली.

एक लिटर हवा जॅकेटात भरली, की ती समुद्राच्या पाण्यात साधारण एक किलो वजन उचलते. हिशेब सोपा वाटतो ना? पण पाणी मोठं खट्याळ आहे. 10 मीटर खोल गेलं की दाब दुप्पट होतो. वरची सहा लिटर हवा तिथं तीनच लिटर उरते. वर येताना उलटं होतं. तीनची पुन्हा सहा होते. म्हणजे वर येऊ लागलात की जॅकेट आपोआप फुगतं, फुगलं की तुम्ही आणखी वर जाता, आणि वर गेलात की ते आणखी फुगतं! म्हणून वर येताना हवा थोडी थोडी सोडत यावी लागते. मिनिटाला 9 मीटरांपेक्षा जास्त वेगानं यायचं नाही, आणि श्वास तर कधीच कोंडून धरायचा नाही. कारण छातीतली फुप्फुसं म्हणजेही हवेच्या पिशव्याच. त्याही फुगतात. श्वास कोंडला असेल, तर दीड-दोन मीटरांवरून वर येतानाही फुप्फुसांना इजा होऊ शकते.

हे सगळं दादानं आम्हाला तलावाच्या काठावर बसवून सांगितलं. पोहायला शिकवण्याचा तलाव होता तो. एका टोकाला तीन मीटर खोल.

आधी जॅकेट मी घातलं. मी काही फार उंच नाही, त्यामुळे ते मलाही मोठंच झालं. पाण्यात उतरून हवा भरली, आणि काय सांगू! जॅकेट वर गेलं आणि मी खालीच राहिले! गळपट्टी कानांपर्यंत आली, हनुवटी आत रुतली, तोंडात पाणी. पाठीवरचं सिलिंडर तर एस.टी.च्या टपावर न बांधलेल्या ट्रंकेसारखं डावीकडून उजवीकडे लोळत होतं. भाचा काठावर खो खो हसत होता. मलाही हसू आलं. तरी मनात म्हणतेच आहे, आठ हजारांत हे वाईट नाही.

मग तो उतरला. दादा त्याच्या शेजारी होता. दोघं तळाशी गेले. भाच्यानं हवा भरायचं बटण जरासं दाबलं आणि सोडलं. पण बटण वर आलंच नाही! जुन्या वाळलेल्या मिठानं ते आतच अडकलं होतं. जॅकेट फुगतच राहिलं. शिकवल्याप्रमाणे त्यानं उजवा हात खांद्यावरच्या दोरीकडे नेला. पण ढगळ जॅकेट सरकून ती दोरी केव्हाच कानामागे गेली होती. हात नुसता चाचपडत राहिला. भोपळा पाण्याखाली दाबून सोडावा तसा तो उसळून वर आला.

त्यानं श्वास कोंडला नव्हता, वर येताना तोंडातून बुडबुडे सोडत होता, म्हणून काही झालं नाही. दादानं झटकन हवेची नळी जॅकेटापासून तोडली. सगळं मिळून चार-पाच सेकंदांचा खेळ. पण त्या चार-पाच सेकंदांत माझ्या पायांतलं बळ गेलं. ताईनं लेकराला माझ्या भरवशावर पाठवलं होतं. हेच समुद्रात, 10 मीटर खाली झालं असतं तर? आणि ते जॅकेट घे म्हणून आग्रह कोणाचा? माझा!

भाचा गप्प होता. थोड्या वेळानं म्हणाला, "मावशी, तो धुतला की चालेल का गं?" बघा, इतका जीव जडला होता त्याचा त्या काळ्या-निळ्या जॅकेटावर! दादानं त्याला समजावलं. अडकलेलं बटण जाणकाराकडून उघडून साफ करून घेता येतं, पण माप कसं साफ करणार?

मग दादानं आपल्याकडची तीन-चार जॅकेटं काढली आणि माप कसं बघायचं ते दाखवलं. पाण्यात जो पोशाख घालणार तो अंगात हवा. पट्टे बांधून जॅकेटात हवा पूर्ण भरायची आणि खोल श्वास घ्यायचा. छाती आवळली तर ते लहान. मग दुसऱ्यानं खांद्यांचे पट्टे धरून वर उचलायचं. कानांपर्यंत आलं तर ते मोठं. डोळे मिटून दोन्ही बटणं आणि झडपांच्या दोऱ्या सापडायला हव्यात, एकदा नव्हे, दहा वेळा. भाच्यानं दहादा केलं. सातव्यांदा चुकला, पुन्हा एकपासून सुरू!

जॅकेटं दोन-तीन तऱ्हेची असतात. एकात हवा पाठीला आणि कडेला भरते. त्यात पाण्यावर उभं तरंगायला बरं वाटतं, म्हणून शिकणाऱ्यांना बहुधा तेच देतात. दुसऱ्यात हवा फक्त पाठीमागं असते. पाण्याखाली ते छान आडवं ठेवतं, पण वर आल्यावर जास्त हवा भरली तर तोंडावर ढकलतं. भाच्याला दुसरंच आवडलं, कारण ते जास्त 'हिरोसारखं' दिसत होतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा पहिलंच बरं. खूप वजन उचलणारं, खूप खिशांचं, खूप कड्यांचं जॅकेटही नको. आपल्या उबदार समुद्रात पातळ पोशाख चालतो, शिशाची वजनं कमी लागतात आणि मग उचलायलाही फार हवा लागत नाही. मोठ्या पिशवीत हवा इकडून तिकडे खेळत राहते, तेवढीच डोकेदुखी.

आई-बाबांसाठी एक हिशेब सांगते. वाढत्या वयाच्या मुलाला मापाचं जॅकेट घेतलं, तर ते दोन वर्षांत आखूड होणार. म्हणून ते सध्या भाड्यानंच घ्यावं, उतरण्याआधी बटणं दाबून पाहावीत, आणि जमवलेल्या पैशांतून आधी चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घ्यावा. आम्ही तेच केलं. मास्क घेऊनही बरेच पैसे उरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीनं किल्ल्याच्या बाजूला गेलो. मी वरून मास्क लावून पाहत होते. नोव्हेंबरात तिथलं पाणी पावसाळ्याच्या गढूळपणातून निवळू लागलेलं असतं. खाली भाचा आणि दादा दिसत होते. सुरुवातीला भाच्याचं वर-खाली चाललंच होतं. एकदा त्याच्या पायाच्या वल्ह्यानं वाळू उडाली आणि सगळं धूसर झालं. दादानं हातानं खूण केली, थांब. भाच्यानं जॅकेटात थोडीशी हवा घेतली आणि हात छातीशी बांधले.

आणि मग तो थांबला! खाली हातभर अंतरावर पोवळ्याचा गोळा होता. ती पोवळी म्हणजे बारीक बारीक जिवंत प्राण्यांची वसाहत. कुणाचा हात, पाय, नांगर लागला तर तुटते, आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात. ज्याला पाण्यात थांबता येत नाही, तो आधारासाठी तिलाच धरतो. भाचा कशालाच धरून नव्हता. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे त्याच्या मास्कसमोरून बिनधास्त जात होते. हा कोणी तरी आपल्यातलाच, असं वाटलं असेल त्यांना!

परत आल्यावर दादानं त्याला विहिरीवर नेलं. जॅकेट बाहेरून धुतलंच, शिवाय नळीतून आत गोडं पाणी भरलं, खळाखळा हलवलं आणि उलटं धरून ओतून टाकलं. असं दोनदा. मग दोन्ही बटणं पाण्याखाली धरून पुन्हा पुन्हा दाबली. भाचा प्रत्येक वेळी बटण परत वर येतंय का, ते वाकून बघत होता. शेवटी थोडी हवा भरून जॅकेट माडाच्या सावलीत टांगलं.

जेवायला बोलावलं तरी तो तिथंच उभा होता. मी विचारलं, "काय रे, आता काय राहिलं?"

"मावशी, मामा म्हणतो हवा धरून ठेवतंय का ते सकाळी बघायचं. सकाळी ढिलं पडलं, तर कुठंतरी बारीक भोक आहे."

"मग सकाळी बघू. बांगडा गार होतोय."

तो आला. पण बसला मात्र दाराकडे तोंड करून, जिथून ते जॅकेट दिसत होतं.