जवसाच्या वाटेने

साठी उलटलेल्या माणसाने काय करू नये, याची एक यादी आमच्या शेजाऱ्यांपाशी नेहमी तयार असते. शिडीवर चढू नये, रात्री दही खाऊ नये, मुलांच्या संसारात तोंड घालू नये, अशी तीत पुष्कळ कलमे आहेत. परदेशात जाऊन सायकल चालवू नये, असे कलम मात्र तीत नव्हते. तेवढ्या एका आधारावर गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर सायकलींवर स्वार झालो.

कल्पना लेकीची. ती नोकरीसाठी नॉर्मंडीतल्या रूआँ शहरी असते. "बाबा, पॅरिस सगळेच बघतात. तुम्ही आणि आई जरा खेडी बघा," असे म्हणून तिने दिएप बंदरात दोन सायकली भाड्याने ठरवून दिल्या. दिएपजवळून फेकाँपर्यंत सुमारे ८० किलोमीटरची एक सायकलवाट जाते. तिचे नाव 'व्हेलोरूत द्यू लँ'. 'व्हेलो' म्हणजे सायकल, एवढे मला उमगले. 'लँ' म्हणजे काय, हे विचारायचे राहून गेले.

रविवारी सकाळी लवकर निघायचे ठरले होते. पण नकाशा, टोप्या, औषधाच्या गोळ्या आणि माझे दोन चहा यांत अकरा वाजले. मी सीट वरखाली करून पाहत होतो, तोवर हिने ओढणी कमरेला गाठ मारून बांधली, डावा पाय पॅडलवर ठेवला, उजव्या पायाने जमिनीला दोन रेटे दिले, आणि ती गेलीसुद्धा! मी पाहतच राहिलो. चाळीस वर्षांच्या संसारात मी हिला सायकलवर कधी पाहिलेच नव्हते. का पाहिले नव्हते, ते मला चांगले ठाऊक होते. पण त्या वेळी मी तो विचार मागे टाकला आणि पॅडल मारू लागलो.

हा किनारा आपल्या कोकणासारखा नव्हे. येथे जमीन समुद्राकडे उतरत जात नाही. सपाट पठार चालत चालत थेट कड्यापाशी येते आणि सुरीने वडी कापावी तसे संपते. कडे खडूचे, पांढरेशुभ्र, काही ठिकाणी १०० मीटर उंच. म्हणून याला अलाबास्टर किनारा म्हणतात. गावे वसली आहेत ती या कड्यांना पडलेल्या खाचांत. त्यामुळे गावात शिरताना वाऱ्यावर झोकून द्यावे असा उतार, आणि बाहेर पडताना तेवढाच चढ. उतार म्हणजे नुसती उधारी; पुढच्याच वळणावर ती व्याजासकट फेडावी लागते. पूरव्हिल गावाबाहेरच्या चढावर मी उतरून सायकल हातात धरली. ही गिअर बदलून, ओठ मिटून, वरपर्यंत चढून गेली आणि एका झाडाखाली माझी वाट बघत उभी राहिली. थांबून तिने काही म्हटले असते तर बरे वाटले असते. पण तिने नुसती पाण्याची बाटली पुढे केली.

वरती व्हाराँजव्हिलचे जुने चर्च अगदी कड्याच्या काठावर आहे. समुद्र कडा खात खात त्याच्या दिशेने येतो आहे. तिथल्या दफनभूमीत चित्रकार जॉर्ज ब्राक १९६३ पासून विसावला आहे, आणि त्याने आखलेली रंगीत काचेची खिडकी चर्चमध्ये आहे. तिच्या निळ्या उजेडात आम्ही थोडा वेळ बसलो. बोललो नाही.

पठारावरचे रस्ते इतके निवांत, की आपल्याच चेनचा आवाज सोबतीला. शेतकऱ्याचे घर, गोठा आणि सफरचंदाची झाडे यांच्याभोवती मातीचा बांध, आणि बांधावर उंच झाडांच्या रांगा. समुद्रावरचा वारा अडवायची ही इथली जुनी रीत. क्वचित एखादी मोटार येई, तीही आम्हांला चांगली जागा सोडून जाई. गावाबाहेर सायकलस्वारापासून दीड मीटर दूर राहूनच पुढे जावे, असा तिथला कायदाच आहे. दुपारी दोन्ही बाजूंना कसलेसे हिरवे पीक डुलत होते. "कसलं असेल हो?" हिने विचारले. "गवत," मी ठोकून दिले.

मुक्काम व्हल-ले-रोझला. त्या गावची नदी उगमापासून समुद्रापर्यंत जेमतेम १,१०० मीटर! फ्रान्समध्ये समुद्राला मिळणारी एवढी आखूड नदी दुसरी नाही. पण तेवढ्यात ती पाणचक्क्या फिरवी, आणि उगमापाशी आपल्या अळिवाच्या कुळातली एक पालेभाजी वाहत्या पाण्यात पिकवते. हिने ती नदी उगमापासून मुखापर्यंत चालून पाहिली आणि म्हणाली, "लहान असून काही राहिलं नाही बिचारीचं."

दुसरे दिवशी ही मला सहा वाजताच उठवून बाहेर घेऊन निघाली. सँ व्हालरी मागे टाकून आम्ही आतल्या रस्त्याला लागलो. समुद्र उजव्या हाताला, हे मला पक्के ठाऊक होते. आणि तरी डावीकडे, झाडांच्या रांगेपलीकडे, निळे पाणी हलत होते! मी रस्ता चुकलो असे समजून ब्रेक दाबला. ही मात्र सायकल बांधाला टेकवून शेताच्या कडेला जाऊन उभी होती.

"अहो, हा जवस आहे!"

कालचेच ते माझे 'गवत'. जवसाचे फूल सकाळी उमलते आणि दुपार व्हायच्या आत त्याच्या पाकळ्या गळतात. दुसऱ्या दिवशी नवी फुले. आम्ही काल अकराला निघालो, म्हणून आम्हांला नुसते हिरवे दिसले. 'लँ' म्हणजे जवस, हे लेकीने मागाहून फोनवर सांगितले. जगात धाग्याचा जवस सर्वांत जास्त पिकतो तो फ्रान्समध्ये, आणि तिथेही नॉर्मंडीत. जुलैत झाडे मुळासकट उपटून शेतातच पसरतात. दवापावसाने त्यांतला चिकट अंश कुजला, की धागा खोडापासून सुटा होतो. त्याचेच लिनन. जुन्या स्तोत्रांत विष्णूच्या कांतीला अतसीच्या फुलाची उपमा असते, ती अतसी हीच. मी ती उपमा लहानपणापासून ऐकत आलो. फूल पाहिले ते तिथे.

सोमवार असल्यामुळे वाटेतल्या गावचा पाववाला बंद होता. मग बांधावर बसून कालचा उरलेला पाव काढला. हिने पिशवीतून एक डबी काढली. जवसाची चटणी! वर्ध्याहून मिरज, मिरजेहून मुंबई आणि तिथून फ्रान्स असा प्रवास करून ती जवसाच्याच शेताकाठी उघडली गेली.

"आमच्याकडे एवढा उंच होत नाही," ही शेताकडे बघत म्हणाली. "कॉलेजला जायचे ना, तेव्हा थंडीत दोन्ही बाजूंना हाच असायचा. सात किलोमीटर. सकाळी निळं, परत येताना हिरवं."

"सायकलवरून?" मी विचारले. विचारायची गरज नव्हती.

लग्न झाले तेव्हा ती सायकल रेल्वे पार्सलने हिच्यामागून मिरजेला आली होती. सून सायकलवरून बाजारात जाणार, हे आमच्या घरात कोणाला रुचले नाही. ती जिन्याखाली गेली. मी कोणाला काही बोललो नाही. पुढे १९८५ साली जिन्याखाली जागा हवी म्हणून मी ती दूधवाल्याला विकून टाकली. हिला विचारलेही नाही.

"मी ती विकायला नको होती," मी म्हणालो. हे वाक्य म्हणायला मला इतकी वर्षे आणि एवढे अंतर लागले.

ही थोडा वेळ चटणीची डबी बंद करत राहिली. मग म्हणाली, "दीडशे रुपयांना. घंटा तरी काढून ठेवायची होती. ती मी माझ्या पैशांनी घेतली होती."

आम्ही उठलो तेव्हा दहा वाजून गेले होते. बांधाकडच्या पाकळ्या गळू लागल्या होत्या. फेकाँपर्यंत ही पुढे आणि मी मागे, असेच गेलो. मला घाई नव्हती.

मिरजेला परतल्यावर मी हिला सायकल घेऊन देतो म्हणालो. तिने माझे पैसे घेतले नाहीत. स्वतःच्या साठवणीतून घेतली. दसऱ्याला आमच्या दारात तिची पूजा झाली, हँडलला झेंडूची माळ बांधली. हल्ली सकाळी भाजीला तीच जाते. कोपऱ्यावर घंटा वाजली, की मी चहाचे आधण ठेवतो.