भार कुठल्या पायावर?

‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ हा चित्रपट १९८० साली आला. त्यात बर्फाळ ग्रहावर वावरणाऱ्या हान सोलोच्या अंगात एक जाड, टोपीवाला कोट आहे. तो निळा की तपकिरी, यावरून स्टार वॉर्सच्या अ‍ॅक्शन फिगर जमवणारी मंडळी वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत आली आहेत. पडद्यावर तो बहुतेकांना निळा दिसतो. केनर कंपनीने त्या काळात विकलेल्या पावणेचार इंची फिगरचा कोटही निळाच होता. लुकासफिल्मच्या संग्रहात ठेवलेला खरा कोट मात्र तपकिरी आहे. बर्फाचा थंड उजेड आणि फिल्म यांनी मिळून त्याचा रंग पालटला. पुढे दोन्ही रंगांच्या फिगर निघाल्या आणि दोन्हींना ‘अचूक’ म्हणणारे भेटले. बाहेरच्या माणसाला हा रिकामटेकड्यांचा वाद वाटेल, पण त्यात एक खरा प्रश्न आहे. चित्रपटातल्या पात्राची फिगर अचूक असावी म्हणजे तिने नेमकं कशाशी इमान राखावं? शिंप्याने शिवलेल्या कोटाशी, की प्रेक्षकाने पाहिलेल्या कोटाशी?

अशी उदाहरणं एकावर थांबत नाहीत. सी-थ्रीपीओ या सोनेरी यंत्रमानवाचा उजवा पाय गुडघ्याखाली चंदेरी आहे, आणि तो पहिल्या चित्रपटापासून तसाच आहे. पण चकचकीत चंदेरी पृष्ठभागावर शेजारचं सोनं उमटत राहतं, म्हणून लाखो प्रेक्षकांना तो कधी दिसलाच नाही. केनरने अख्खी फिगर सोनेरी रंगवली तेव्हा कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. खलनायक डार्थ व्हेडरचा १९७७ च्या चित्रपटातला मुखवटा शिल्पकार ब्रायन म्युर यांनी हाताने घडवला होता, त्यामुळे त्याची डावी-उजवी बाजू एकसारखी नाही. शिवाय तो निव्वळ काळा नाही. काही भाग काळा, काही बंदुकीच्या नळीसारखा करडा, असा तो दोन रंगांत रंगवलेला होता. आपल्या आठवणीत मात्र व्हेडर पायापासून डोक्यापर्यंत काळाकुट्ट आहे. म्हणजे वस्तू एक, पडद्यावरचं चित्र दुसरं आणि मनात राहिलेलं तिसरं. एक फूट उंचीच्या प्लास्टिकच्या माणसाला या तिघांशी एकाच वेळी प्रामाणिक राहता येणार नाही. त्याला निवड करावीच लागते.

माझं म्हणणं असं की ही निवड रंगाच्या डबीत होत नाही, चेहऱ्याच्या साच्यातही होत नाही. ती फिगरच्या उभं राहण्यात होते. प्रेक्षक पात्राला ओळखतो ते त्याच्या हालचालीवरून, आणि हालचाल न करणाऱ्या वस्तूत तिची खूण फक्त पवित्र्यातून उतरू शकते. बटणं, शिलाई, चेहऱ्यावरचे व्रण हे सगळं बरोबर असूनही फिगर परकी वाटते, आणि तपशिलात चुकलेली एखादी फिगर खांदा थोडा पाडताच ओळखीची होते, त्याचं कारण हेच.

तपशिलातल्या अचूकतेने गेल्या साठ वर्षांत मारलेली मजल पाहिली की हे अधिकच जाणवतं. १९६४ मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जो हा बारा इंची सैनिक आणला, त्याला २१ हलते भाग होते. चेहरा कुणा विशिष्ट माणसाचा नव्हता. केनरच्या स्टार वॉर्स फिगरना पाच सांधे: मान, दोन खांदे, दोन मांड्या. गुडघा नाही, कोपर नाही. नायक ल्यूकच्या हातातली तलवार चित्रपटात निळी, फिगरमध्ये पिवळी. मॉस आयस्लीच्या गुत्त्यातल्या स्नॅगलटूथ या पात्राचा तर कंपनीकडे फक्त कमरेवरचा फोटो होता. खालचा भाग अंदाजाने बनवला गेला आणि १९७८ मध्ये सिअर्सच्या दुकानांतून निळ्या कपड्यातला, चंदेरी बूट घातलेला एक उंच इसम विकला गेला. खरं पात्र बुटकं आणि लाल कपड्यातलं. चूक सुधारून नवी फिगर आली, पण आज संग्राहक ज्याच्यासाठी जास्त पैसे मोजतात तो चुकीचा निळाच. १९९५ मध्ये केनरने मालिका नव्याने सुरू केली तेव्हा ल्यूकसारखा सडपातळ पोरगा आखाड्यातून आल्यासारखा पिळदार निघाला. अचूकतेचा हा सगळा प्रवास आपल्याला आज हसवतो, कारण २००० साली हॉवर्ड चॅन यांनी हाँगकाँगमध्ये सुरू केलेल्या हॉट टॉइजसारख्या कंपन्यांनी एक-षष्ठांश आकारात नटाच्या त्वचेची रंध्रंसुद्धा उमटवून दाखवली. चेहऱ्याचा प्रश्न जवळजवळ सुटला आहे. तरी अशी महागडी फिगर खोक्यातून काढून सरळ उभी केली की ती मेणाच्या पुतळ्यासारखी दिसते. मग कमी पडतं ते काय?

बोबा फेटकडे पाहावं. ‘एम्पायर’मध्ये या भाडोत्री शिकाऱ्याच्या तोंडी जेमतेम चार वाक्यं आहेत आणि चेहरा एकदाही दिसत नाही. तरीही तो या चित्रमालेतल्या सर्वांत लोकप्रिय पात्रांपैकी एक ठरला. ती भूमिका करणाऱ्या जेरेमी बुलॉक यांनी सांगून ठेवलं आहे की त्यांनी क्लिंट ईस्टवुडच्या निनावी बंदूकबाजाची चालढाल डोळ्यांसमोर ठेवली होती. बंदूक हाताच्या वळीत कवटाळलेली, अंग स्थिर, हेल्मेट किंचित वळलेलं. शिरस्त्राणावरचा पोचा अचूक जागी असूनही हात लाकडासारखे सरळ लोंबत असतील तर तो बोबा फेट नाही, त्याचे कपडे घातलेला कुणीतरी आहे. चेहरा असलेल्या पात्रांनाही हेच लागू पडतं. ‘द डार्क नाइट’मधला हीथ लेजरचा जोकर २००८ साली लोकांनी लक्षात ठेवला तो नुसत्या विस्कटलेल्या रंगभूषेमुळे नव्हे. खांदे आवळलेले, मान पुढे काढलेली, हनुवटी खाली आणि नजर भुवयांखालून वर, अशी त्याची देहाची भाषा होती. हॉट टॉइजने जोकरच्या एका आवृत्तीत बुबुळं फिरवण्याची सोय केली ती याचसाठी. नजर सरळ ठेवली तर तो सर्कशीतला विदूषक होतो.

यावर एक सरळ उपाय सुचतो: चित्रपट थांबवा, समोर आलेली चौकट पाहा आणि फिगर तंतोतंत तशी वाकवा. हा उपाय बहुतेक वेळा फसतो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात आणि वेगवान हालचालीत प्रत्येक चौकट थोडी पुसट असते. तो पुसटपणाच डोळ्याला गती वाटतो. त्यातली एक चौकट उचलून कडक प्लास्टिकमध्ये उतरवली की गती निघून जाते आणि अवघडलेले हातपाय उरतात. हे कोडं अ‍ॅक्शन फिगरपेक्षा फार जुनं आहे. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात दौडणाऱ्या घोड्याची छायाचित्रं घेतली आणि सिद्ध झालं की चित्रकार शतकानुशतकं घोडा चुकीचा काढत होते. पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले, असा तो कधीच हवेत नसतो. चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये रंगवलेली एप्समची शर्यत या हिशेबाने साफ खोटी ठरली. पण शिल्पकार रोदँ यांनी जेरिकोची बाजू घेतली. त्यांचा युक्तिवाद असा की खरा तो चित्रकार, छायाचित्र खोटं, कारण वास्तवात काळ थांबत नाही. चित्रकार घोड्याच्या देहात एकापाठोपाठचे क्षण एकत्र दाखवतो, म्हणून तो धावताना दिसतो. फिगरचा उत्तम पवित्रा असाच जोडून घेतलेला असतो. पाय अजून आधीच्या क्षणात, धड वळणारं, नजर पुढच्या क्षणात पोचलेली. अशी चौकट चित्रपटात शोधून सापडणार नाही. तरी पाहणारा म्हणेल, हो, हाच तो प्रसंग.

आकारमानाचं शास्त्रही नक्कल करणाऱ्याच्या विरुद्ध आहे. माणूस सहापट लहान केला म्हणून कापड सहापट मऊ होत नाही. खऱ्या माणसाच्या खांद्यावरून भारदस्तपणे ओघळणारा झगा तीस सेंटिमीटरच्या फिगरवर कागदासारखा फुलून उभा राहतो. म्हणून बॅटमॅन-सुपरमॅनच्या झग्यांच्या कडेत बारीक तार शिवतात, म्हणजे घडी हाताने पाडता येते. खोटी तार घातल्यावर झगा खरा दिसतो. वजनाचंही तसंच. आपण उभे असतो तेव्हा शरीर सतत तोल सावरत असतं आणि भार बहुधा एका पायावर असतो. फिगरला सावरायला काही नसतं, त्यामुळे दोन्ही पाय सारखे टेकवले की ती उभी वाटण्याऐवजी टांगलेली वाटते. ग्रीक शिल्पकारांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच एका पायावर भार देऊन त्याच बाजूचा खांदा उतरवला होता. आपल्या मूर्तिशास्त्रात त्रिभंग आहेच. संग्राहक जेव्हा फिगरचा एक गुडघा सैल करतो आणि कंबर बोटभर सरकवतो, तेव्हा तो नकळत याच जुन्या कारागिरीत हात घालत असतो.

इथे शिल्पाची बाजू घेणारे म्हणतील, मग सांधे हवेत कशाला? टॉड मॅकफार्लेन यांच्या कंपनीने १९९० च्या दशकात नेमकं हेच केलं. कोरीवकाम अप्रतिम, हालचाल नाममात्र. कसलेल्या शिल्पकाराने निवडलेला एक पवित्रा हा हौशी मालकाने रविवारी दुपारी पिळलेल्या हातपायांपेक्षा सरस असणारच. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. कपाटांमधल्या निम्म्याहून अधिक फिगर वाईट उभ्या असतात, हे फोटो पाहणाऱ्या कुणालाही कळेल. दुहेरी सांध्याच्या गुडघ्याची भेग मांडीच्या रेषेचा सत्यानाश करते, हेही खरं. पण पुतळा एकच क्षण धरून बसतो आणि भूमिका ही काळात पसरलेली गोष्ट आहे. तोच हान सोलो टेबलाखाली बंदूक धरून बेफिकीर बसतो आणि तोच भेदरून पळतो. सांध्यांनी ही निवड उघडी ठेवली. जपानमध्ये कायोदो कंपनीने २००६ मध्ये सुरू केलेल्या रिव्होल्टेक मालिकेत ही दिशा टोकाला गेली. त्यातल्या कात्सुहिसा यामागुची यांच्या काही फिगर सरळ उभ्या केल्या तर बेढब दिसतात, झेपावल्या की जिवंत होतात. त्यांची प्रमाणंच हालचालीसाठी आखलेली आहेत.

सांधे जितके जास्त तितकी अचूकता जास्त, असं मात्र मी म्हणणार नाही. सी-थ्रीपीओच्या पोशाखात अँथनी डॅनियल्स यांना बसताही येत नसे आणि कोपरं नेहमी वाकलेली राहत. त्या अडचणीतून त्याची ती घाबरट, तुरुतुरु चाल तयार झाली. आता त्याची एखादी फिगर मांडी घालून बसू लागली तर ते तंत्राचं कौतुक होईल, पात्राची मात्र विटंबना. त्या फिगरचा पाय सोनेरी असला काय नि चंदेरी असला काय, मला फारसा फरक पडत नाही. हात सैल लोंबले तर पडतो.

दुसरा आक्षेप अधिक मुळातला आहे. ही खेळणी आहेत, ती खेळण्यासाठी, मोठ्यांनी काचेआड मांडून अंश मोजण्यासाठी नव्हेत. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचा मावळा बुरुजाहून उंच असतो आणि कुणाचं काही अडत नाही. मूल हातात घेऊन त्याला चालवतं, बोलवतं. हालचाल त्याच्या कल्पनेतून येते. पाच सांध्यांचा, पिवळ्या तलवारीचा ल्यूक मुलांना पुरला तो याचमुळे. मला हा आक्षेप विरोधी वाटत नाही, उलट पुरावा वाटतो. हातातल्या खेळण्याला पवित्र्याची गरज नसते कारण मूल स्वतः गती पुरवतं. कपाटात ठेवलेल्या वस्तूला ती कुणी पुरवत नाही, म्हणून तिथे उभं राहणं निर्णायक ठरतं. मोठ्या माणसाने खेळणं कपाटात ठेवावं की नाही हा ज्याच्या त्याच्या पैशाचा प्रश्न आहे. ठेवायचंच असेल तर कपड्यांच्या हँगरसारखं ठेवू नये, एवढंच.

साहित्य मात्र पवित्र्याच्या या हट्टाला फार काळ साथ देत नाही. कृत्रिम चामडं दमट हवेत सुटू लागतं आणि ताण असलेल्या कोपरावर आधी सोलतं. मऊ रबरी कातडीचा हात वाकवून ठेवला की घडीवर चिरतो. उकाड्यात प्लास्टिकचे घोटे हळूहळू झुकतात. मुंबईत किंवा कोकणात हा छंद बाळगणाऱ्यांना तर पावसाळा हा दरवर्षीचा शत्रू. अवघड पवित्रा फार दिवस तसाच ठेवू नका, अशी सूचना फिगरसोबतच्या कागदात बनवणारेच देतात, आणि ती पाळावी. महिन्या-दोन महिन्यांनी फिगर सरळ करावी, विसावू द्यावी. पुन्हा उभी करण्याआधी तो प्रसंग आवाज बंद करून एकदा बघा. चेहऱ्याकडे नको, पायांकडे बघा, मग कमरेकडे, मग खांद्यांकडे. फिगरचं डोकं सगळ्यात शेवटी वळवा.