तबकडीची दुसरी बाजू

तबकडीला बाजू दोन असतात, हें ज्यांच्या घरीं एके काळीं ग्रामोफोन वाजत असे त्यांना सांगावयास नको. तथापि दोन्ही बाजूंचें नशीब मात्र सारखें नसतें. जिच्यासाठीं तबकडी विकत घेतली जाते ती पहिली. आणि पाठ कोरी कशी ठेवावी म्हणून जी भरली जाते ती दुसरी. अगदीं आरंभीं तर तबकड्यांची पाठ खरोखरच कोरी असे. १९०४ मध्यें ओडिऑन ह्या जर्मन कंपनीनें दोन्ही बाजूंस गाणें असलेल्या तबकड्या बाजारांत आणल्या. पुढें १९४९ मध्यें अमेरिकेंत आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीनें सात इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी काढली. एका बाजूस एक गाणें, एवढाच तिचा संसार. इंग्रजी लोकप्रिय संगीताचा पुढील तीस-चाळीस वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशीं ह्या लहान तबकडीवरच लिहिला गेला आहे.

ह्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूचा आम्हांस फार लोभ आहे. त्याचा अर्थ, दुसऱ्या बाजूस नेहमीं रत्नच सांपडतें असा कोणी घेऊं नये. पुष्कळदां तेथें भरताडच असे, आणि कधीं कधीं तें हेतुपुरस्सर असे. फिल स्पेक्टर नांवाचे अमेरिकन निर्माते तर आपल्या कित्येक तबकड्यांच्या पाठीवर मुद्दाम सामान्य प्रतीचें वादन घालीत. हेतु हा कीं, रेडिओवाल्यांस तबकडी उलटण्याचा मोह होऊं नये! परंतु लोकांच्या कानांवर कोणाची सत्ता चालते? १९६५ मध्यें राइटियस ब्रदर्स ह्या जोडीची 'हंग ऑन यू' ही तबकडी निघाली, तेव्हां रेडिओवाल्यांनीं ती उलटलीच, आणि पाठीवरील 'अनचेन्ड मेलडी' देशभर गाजलें. पहिल्या बाजूचें नांव आज जाणकारांसच तेवढें ठाऊक आहे.

अशीं उदाहरणें आणखीहि आहेत. बिल हेली ह्यांचें 'रॉक अराउंड द क्लॉक' हें गाणें १२ एप्रिल १९५४ रोजीं न्यूयॉर्क येथें मुद्रित झालें. त्या दिवशींचा बराचसा वेळ 'थर्टीन विमेन' ह्या गाण्यांत गेला, कारण पहिली बाजू तें होतें. उरलेल्या थोड्या वेळांत दुसरें गाणें उरकण्यांत आलें. पुढच्या वर्षीं 'ब्लॅकबोर्ड जंगल' ह्या चित्रपटाच्या आरंभीं हें उरकलेलें गाणें वाजलें, आणि १९५५ च्या जुलैंत तें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. ग्लोरिया गेनर ह्या गायिकेची कथा तर अधिकच हृद्य आहे. १९७८ मध्यें रंगमंचावर पडून त्यांच्या पाठीच्या कण्यास दुखापत झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. पाठीला आधाराचा पट्टा बांधलेल्या स्थितींतच त्यांनीं 'आय विल सर्व्हाइव्ह' हें गाणें गाइलें. कंपनीनें पहिल्या बाजूस घेतलें 'सब्स्टिट्यूट', आणि हें गाणें गेलें पाठीवर. नृत्यगृहांत तबकड्या वाजविणाऱ्यांनीं ती उलटून लावावयास सुरुवात केली, आणि १९७९ च्या मार्चमध्यें तें गाणें अमेरिकेंत अग्रस्थानीं पोहोंचलें. मोडल्या पाठीच्या बाईचें गाणें तबकडीच्या पाठीवरून जगापुढें यावें, ह्याला योगायोग म्हणावें कीं काय म्हणावें?

परंतु जीं गाणीं गाजलीं त्यांचा कैवार घेण्यास आमची गरज नाहीं. आमचें मन ओढतें तें न गाजलेल्या दुसऱ्या बाजूकडे. पहिली बाजू ही घरांतील दिवाणखान्यासारखी असते. पाहुणा काय म्हणेल ह्या धाकांत तिची मांडणी होते. दुसरी बाजू माजघरासारखी. तेथें माणूस पाय पसरून बसूं शकतो. बीटल्स ह्या प्रसिद्ध चौकडीनें १९६६ मध्यें 'पेपरबॅक रायटर' ह्या तबकडीच्या पाठीवर 'रेन' हें गाणें घातलें. त्यांत वाद्यांचा मेळ जलद वाजवून मुद्रण केलें व मग तें संथ केलें, आणि शेवटीं गाण्याचा आवाज चक्क उलटा फिरविला! ढोलवादक रिंगो स्टार ह्यांस आपल्या साऱ्या वादनांत ह्याच गाण्यांतील वादन विशेष प्रिय. पहिल्या बाजूवर असे प्रयोग करण्यास कोण धजतें? दुसऱ्या बाजूचा आणखी एक लाभ शुद्ध व्यवहाराचा होता. तबकडी खपली कीं दोन्ही बाजूंच्या रचनाकारांस मानधन सारखेंच मिळे. १९७५ मध्यें आमच्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेले फ्रेडी मर्क्युरी ह्यांच्या 'बोहेमियन रॅप्सडी' ह्या गाण्याच्या पाठीवर त्यांच्या क्वीन मंडळींतील ढोलवादक रॉजर टेलर ह्यांचें मोटारगाडीवरील प्रेमाचें एक गाणें होतें. पुढचें गाणें लाखांनीं खपलें, आणि मागच्याचें दैवहि त्याबरोबर उजळलें.

आतां आमच्या सर्वांत आवडत्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. बीटल्सपैकीं जॉर्ज हॅरिसन हे वयानें सर्वांत धाकटे. एकत्र कुटुंबांत धाकट्याचें बोलणें जसें ताट वाढून झाल्यावर ऐकिलें जातें, तसाच प्रकार त्या चौघांतहि होता. १९६८ च्या जानेवारींत हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठीं मुंबईस आले आणि कोट भागांतील एच. एम. व्ही. च्या स्टुडिओंत आपल्या वादकांना घेऊन त्यांनीं मुद्रण केलें. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सरोदेवर आशिष खाँ, पखवाजावर महापुरुष मिश्र. शिवाय सनई व पेटी. स्टुडिओची खोली बाहेरच्या आवाजापासून पुरती बंदिस्त नव्हती, आणि रस्त्यावरील मुंबईचा कोलाहल टाळतां टाळतां मंडळींची तारांबळ उडे. ह्याच मुक्कामांत 'द इनर लाइट' ह्या गाण्याची साथ मुद्रित झाली. हॅरिसन ह्यांनीं तें गाइलें मात्र फेब्रुवारींत, लंडनला.

गाण्याचे शब्द चिनी तत्त्ववेत्ता लाओत्से ह्याच्या ग्रंथावरून घेतलेले आहेत, आणि तो उतारा हॅरिसन ह्यांस सुचविला केंब्रिजचे संस्कृतज्ञ हुआन मास्कारो ह्यांनीं. भगवद्गीतेचें १९६२ मध्यें प्रसिद्ध झालेलें इंग्रजी भाषांतर ज्यांचें, तेच हे गृहस्थ. जग जाणण्यासाठीं दूर हिंडण्याची गरज नाहीं, असा त्या उताऱ्याचा आशय. एवढें सारें होऊन मार्च १९६८ मध्यें 'लेडी मॅडोना' ही तबकडी निघाली, तेव्हां हें गाणें तिच्या पाठीवर गेलें. बीटल्सच्या लहान तबकडीवर हॅरिसन ह्यांची रचना येण्याचा हा पहिलाच प्रसंग. पुढच्याच वर्षीं, १९६९ मध्यें, त्यांचें 'समथिंग' हें गाणें पहिल्या बाजूवर बसलें. धाकट्याची पाळी आली खरी, पण ती माजघरांतून पुढें आली, हें विसरूं नये.

आमचे थोरले बंधू मुंबईस एका पेढींत नोकरीस होते. त्यांनीं जमविलेल्या लहान तबकड्यांच्या दोन पेट्या त्यांच्या पश्चात् आमच्या पुतण्यानें माळ्यावरून काढल्या. जागा अपुरी, घेणारा दारांत. तो गाजलेल्या गाण्यांचे पैसे देणार, बाकीचें वजनावर. पुतण्या म्हणाला, "काका, हीं सारीं गाणीं भ्रमणध्वनीवर मिळतात. ठेवून काय करायचें?" त्याचें म्हणणें अव्यवहारी नव्हतें. आम्ही यादी करावयास बसलों, तेव्हां प्रत्येक पाकिटावर एका बाजूच्या नांवापुढें शिसपेनीचा बारीक ठिपका आढळला. बहुतेक ठिपके दुसऱ्या बाजूसच होते. आमचे बंधू म्हणजे शिस्त, हिशेब व वेळापत्रक. घरांत कोणाशीं गाण्याविषयीं ते चार शब्द बोलल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. वहिनींना विचारलें, तर त्या हातांतली भाजी बाजूस ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना आवडायचीं तीं गाणीं हे पहाटेस लावीत, तुम्ही सारे उठण्यापूर्वीं. आवाज अगदीं बारीक. एका तबकडींत सनई-पेटी होती. मला स्वयंपाकघरांत वाटे, रेडिओच लागला. मग तो साहेब गाऊं लागे, आणि मला हसूं येई."

ती तबकडी 'लेडी मॅडोना'ची होती. घेणाऱ्यानें तिला चांगली किंमत सांगितली, पहिल्या बाजूसाठीं. वहिनी म्हणाल्या, "बाकीच्या द्या हवें तर. ही राहूं दे." चाळीस वर्षें ज्या गृहस्थाला आम्हीं केवळ दिवाणखान्यांत पाहिलें, त्याचें माजघर ह्या बाईंना एकटीला ठाऊक होतें. तबकडी राहिली. इतकेंच नव्हे, तर पुतण्यानें आपण होऊन ठिपके असलेल्या सर्व तबकड्या वेगळ्या काढल्या व घेणाऱ्यास परत पाठविलें.

आजच्या काळीं गाणें तबकडीवांचून घरांत येतें. त्याला पाठ नसते. म्हणून न मागितलेलें असें कांहीं त्याच्याबरोबर येत नाहीं. मागावें तें मिळतें, ही सोय मोठी आहे, आणि तिला नांवें ठेवण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु मनुष्यास काय मागावें हें सर्वकाळ कळतें, असाहि अनुभव नाहीं. ज्या वाचकांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी पडली असेल, त्यांनीं ती देऊन टाकण्यापूर्वीं एखादी सुट्टीची दुपार काढून प्रत्येक तबकडी उलटून ऐकावी. आणि ऐकावयास बसतांना घरांतील वडील बायकांस आठवणीनें जवळ बोलवावें. कोणती बाजू कोणाची, हें बहुधा त्यांनाच ठाऊक असतें.